सातबारा कोरा आहे म्हणतात, पण प्लॉट नेमका कुठला?

सोलापुरात होटगी रस्ता, अक्कलकोट रस्ता, केगावच्या पुढं पुणे रस्ता, कुठंही जा. शेतात ओळीनं दगड रोवलेत, दगडांना चुना फासलाय, मधून मुरमाचा रस्ता ओढलाय आणि तोंडाशी फ्लेक्स लावलाय. कुणी लिहितं 'कलेक्टर एनए' (एनए म्हणजे बिगरशेती), कुणी 'गुंठेवारी प्लॉट', कुणी 'एनए प्रोसेसमध्ये'. पहिल्यांदा प्लॉट बघायला आलेल्या माणसाला हे सगळं एकच वाटतं आणि दरातला फरक पाहून तो स्वस्ताकडं वळतो. शंका काढलीच तर एजंटचं उत्तर तयार असतं, "काका, सातबारा कोरा आहे की ओ, अजून काय पाहिजे?"

सातबारा कोरा म्हणजे जमिनीवर कर्जाचा बोजा नाही. एवढंच. विकणाऱ्याला विकायचा पूर्ण हक्क आहे का, तिथं घर बांधता येतं का, आणि तुम्हाला दाखवलेला चुन्याच्या दगडांमधला चौकोन कागदावर कुठं आहे का, यातलं काहीच त्या 'कोरा' शब्दात येत नाही. सोलापुरात माणूस फसतो तो बहुतेक या शेवटच्या प्रश्नावर, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. शहरात राहूनही आपल्याकडं सातबारा का निघतो? सोलापूर महापालिका १९६४ ची. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि शेळगी, बाळे, मजरेवाडी, कुमठे अशी आजूबाजूची गावं शहरात आली. गावं आली ती शेतांसकट. त्यामुळं भवानी पेठ, मुरारजी पेठ अशा जुन्या भागात सिटी सर्व्हेचा नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका असते, तर हद्दवाढ भागात अजूनही बऱ्याच ठिकाणी गट नंबर आणि सातबारा चालतो. घर महापालिकेच्या हद्दीत आहे, कर महापालिका घेते, म्हणून जमीन बिगरशेती झाली असं मानून चालू नका. कराची पावती मालकीचा पुरावा नाही, परवानगीचा तर नाहीच. विनापरवाना बांधकामालाही कर लागतो.

आता उतारा समोर ठेवा. डिजिटल सही असलेला सातबारा सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो, तेव्हा एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. ताजा स्वतः काढा. 

नमुना सात वरचा भाग, त्यात मालकी. नमुना बारा खालचा, त्यात पिकं. जमीन खरंच बिगरशेती झाली असेल तर आताच्या उताऱ्यावर पिकांचा तक्ता येतच नाही. त्याऐवजी, क्षेत्र अकृषक झाल्यामुळं नमुना बाराची आवश्यकता नाही, अशी सूचना छापलेली असते. फ्लेक्सवर 'एनए' आणि उताऱ्यात ज्वारी-तूर, असं दिसलं तर तिथंच थांबायचं आणि एनएचा आदेश मागायचा. 'प्रोसेसमध्ये' हा शब्द आदेशाच्या जागी चालत नाही.

मग नावं बघा. जुन्या नावांना कंस झालेला असतो किंवा आडवी रेघ मारलेली असते, ती नावं कमी झाली. उरलेली सगळी नावं आजची मालक. प्रत्येक नावाजवळ फेरफाराचा, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक असतो, आणि खरी गोष्ट त्या फेरफारात असते. जमीन या माणसाकडं कशी आली, खरेदीनं, वारसानं की वाटणीनं, हे तिथं कळतं. वारसानं आली असेल तर बहिणींचं काय झालं ते विचारा. हे विचारताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण विचाराच. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 'बहिणीनं तोंडी सोडलंय' याला किंमत नाही. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र पाहिजे. अक्कलकोटला नाहीतर विजापूरला दिलेली बहीण दहा वर्षांनी दावा घेऊन आली तर तिचं काही चुकलेलं नसतं. चुकतं ते खरेदीच्या दिवशी तिची सही न घेणाऱ्यांचं.

भूधारणा पद्धतीत 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असेल तर ती जमीन इनाम, वतन, सरकारनं दिलेली अशा कुठल्या तरी अटीवरची आहे. ती विकायला आधी सरकारी परवानगी लागते. आणि 'इतर हक्क' हा रकाना शेवटपर्यंत वाचा. सोसायटीच्या शेतीकर्जाचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टातला दावा, 'तुकडा' असा शेरा, सगळं तिथं दडलेलं असतं. लोक वरची नावं वाचतात आणि घडी घालून ठेवतात.

आता क्षेत्राकडं येऊ, कारण इथं साध्या हिशेबानं बरंच उघडं पडतं. समजा उताऱ्यावर क्षेत्र ०.८१.०० असं आहे. म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या थोडा वर, फुटात १०८९. म्हणजे ही जमीन ८० गुंठे, दोन एकर. आता तिथं किती प्लॉट पाडलेत ते नकाशावर मोजा. दीड-दीड गुंठ्याचे ५० प्लॉट असतील तर ७५ गुंठे प्लॉटमध्येच गेले. उरले पाच. नियमानं ४० आरपेक्षा मोठ्या जागेचा लेआउट, म्हणजे प्लॉट-रस्त्यांची आखणी, करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणजे इथं आठ गुंठे तिथंच गेले पाहिजेत. शिवाय अंतर्गत रस्ते निराळे, आणि रस्त्यांना जागा बरीच लागते. पाच गुंठ्यांत हे बसतच नाही. म्हणजे हा लेआउट कुणीही मंजूर केलेला नाही, किंवा 'दीड गुंठा' म्हणून तुमच्या गळ्यात घातलेल्या प्लॉटमध्ये समोरच्या रस्त्याचा वाटाही धरलाय. दोन्हीपैकी काय ते विचारून घ्या. दीड गुंठा म्हणजे १६३३ चौरस फूट. टेप लावल्यावर भिंतीच्या आतली जागा तेवढी भरली पाहिजे.

तर गुंठेवारी म्हणजे काय? शेताचे छोटे तुकडे करून विकायला तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आड येतो. ग्रामीण भागात २०२३ पासून जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र धरलंय. त्याहून लहान तुकडा सहजासहजी विकता येत नाही. शिवाय शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. पण यंत्रमागावरच्या, विडी वळणाऱ्या, एमआयडीसीत जाणाऱ्या माणसाला २० गुंठे कुठून परवडणार? त्याला पाहिजे एक गुंठा. म्हणून लोकांनी वाट काढली. कुणी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, कुणी नोटरी केली, कुणी दहा-बाराजणांनी मिळून एका मोठ्या तुकड्याची सामाईक खरेदी केली आणि आपसात वाटून घेतलं. घरं उभी राहिली, वस्त्या झाल्या, आणि मंजूर नकाशा कुणाकडंच नाही.

या वस्त्या नियमित करण्यासाठी राज्यानं २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आणला. आधी त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट येत होते; २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं नेली. शुल्क भरायचं, महापालिका तपासते, आणि आरक्षण, सरकारी जागा अशी अडचण नसेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे 'गुंठेवारी प्लॉट' हे दोन अगदी वेगळ्या गोष्टींचं नाव आहे. एक, गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेला, ज्यावर पुढं बांधकाम परवाना मागता येतो. दुसरा, शेतातला नुसता तुकडा. फ्लेक्सवर दोन्हींना एकच नाव. प्रमाणपत्र आहे का, आणि ते याच प्लॉटचं आहे का, एवढं विचारलं की फरक कळतो. काल-परवा पाडलेल्या प्लॉटला 'गुंठेवारी होऊन जाईल' म्हणत असतील तर तारीख दाखवा: २०२० नंतरचा तुकडा त्या कायद्यात बसत नाही.

मधे २०२५ मध्ये तुकडेबंदीबाबत आणखी एक निर्णय झाला. नागरी भागातले, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचं सरकारनं ठरवलं. ज्यांचा जुना व्यवहार नुसता 'तुकडा' शेऱ्यामुळं अडकला होता त्यांना याचा खरंच उपयोग आहे. पण बाजारात लगेच 'तुकडेबंदी उठली, आता एक गुंठाही घ्या' अशी हाळी सुरू झाली. तुमची खरेदी नियमित झाली म्हणजे त्या शेताचा लेआउट मंजूर झाला असं नव्हे. मालकीची नोंद हा एक विषय, घर बांधायची परवानगी हा दुसरा. तसंच 'आता एनए लागतच नाही' हे वाक्य. विकास आराखड्यातल्या जागांना बिगरशेतीसाठी पूर्वीसारखे हेलपाटे राहिले नाहीत, इतपत खरं. लेआउट आणि बांधकाम परवानगी मात्र महापालिकेकडूनच घ्यावी लागते, आणि बँक आधी तीच मागते.

आता मूळ प्रश्न, प्लॉट नेमका कुठला. शेताचा लेआउट मंजूर झाला की भूमी अभिलेखचा मोजणीदार येऊन प्रत्यक्ष आखणी मोजतो आणि 'क' प्रत नावाचा नकाशा देतो. त्यावरून कमी-जास्त पत्रक होतं, ज्याला ऑफिसात सगळे क.जा.प. म्हणतात. क.जा.प. झालं की एका मोठ्या सातबाऱ्याचे प्रत्येक प्लॉटगणिक वेगळे सातबारे होतात. रस्ता, मोकळी जागा यांचेही वेगळे. म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: "क.जा.प. झालंय का, आणि या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा आहे का?" 'हो' म्हणाला तर उतारा मागा. हा प्रश्न ऐकून समोरच्याचा सूर बदलतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. ज्याच्याकडं कागद आहेत तो खूश होतो.

स्वतंत्र सातबारा नसेल आणि अख्ख्या दोन एकरांच्या उताऱ्यावर तुमचं नाव दीड आराच्या हिश्श्यासह चढणार असेल, तर तुम्ही घेताय तो सामाईकातला वाटा. पूर्वेकडच्या कोपऱ्यातला, लिंबाजवळचा चौकोन नव्हे. उद्या तोच चौकोन दाखवून आणखी एकाला वाटा विकला तर कागदावर दोघंही बरोबर. भांडण होतं ते जागेवर, कारण तुमचा चौकोन कुठल्याच नकाशात नाही.

मंजूर नकाशा मिळाला तरी त्यावरचा शिक्का, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या आणि महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात ताडून बघा. झेरॉक्सवर कुठलाही शिक्का उमटवता येतो. मग नकाशा घेऊन जागेवर जा. दस्तात लिहिलेली चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता किती मीटरचा, ती उभं राहून जुळवा. मोकळी जागा म्हणून नकाशात हिरवी दाखवलेली जागा प्रत्यक्षात कुठं आहे ते हमखास बघा. जुन्या लेआउटमध्ये ती जागा नंतर हळूच प्लॉट म्हणून विकलेली आढळते, आणि कोपऱ्यावरचा प्लॉट स्वस्त का मिळतोय याचं उत्तर कधीकधी तेच असतं. त्याच फेरीत झोन दाखला, म्हणजे जागा कुठल्या वापरासाठी ठेवलीय त्याचा कागद, आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. शाळा, बाग, विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता असं आरक्षण तुमच्या चौकोनावरून जात असेल तर ते जागेवर दिसत नाही, नकाशातच दिसतं. होटगी रस्त्याच्या बाजूला मजले चढवायचा बेत असेल तर विमानतळामुळं उंचीवर मर्यादा येते, हे लक्षात ठेवा. तिथल्या साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये विमानांना अडथळा म्हणून पाडली, ते सोलापूरकरांना सांगायला नको.

खरेदी होते ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानं. १०० रुपयांच्या वर किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातही आहे. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे याची साक्ष. त्यानं मालकी सरकत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि इसार पावती यांच्या जोरावर घेतलेल्या घरालाही मालकी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय. साठेखत म्हणजे विकायचा करार, विक्री नव्हे. इसार दिला तर चेकनं द्या आणि पावतीवर गट नंबर, प्लॉट नंबर, चौरस मीटर तिन्ही लिहून घ्या. 

बिल्डरकडून किंवा लेआउट करणाऱ्याकडून घेत असाल तर महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक विचारा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा प्रकल्प, मग तो नुसत्या प्लॉटचा का असेना, नोंदवावा लागतो, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. फ्लॅटच्या बाबतीत बोलणी फक्त कार्पेट एरियावर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, करा. खर्चाचं थोडक्यात: मुद्रांक शुल्क दस्तातली रक्कम आणि सरकारी दर यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं, घर बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत मिळते, आणि नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. 

वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस, यावर पैसे वाचवू नका. आणि कर्ज नको असलं तरी बँकेत एकदा फाईल दाखवा. 'बँका उगाच त्रास देतात, आपण रोखीत करू' असं कुणी म्हणालं तर बँक नेमकं कुठल्या कागदावर अडते ते विचारा. माझं मत विचाराल तर, ज्याच्याकडं बेताचे पैसे आहेत त्यानं नियमित न झालेल्या गुंठ्यात ते अडकवण्यापेक्षा जुना, परवाना असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट पुनर्विक्रीत घ्यावा. प्लॉटचा मोह आपल्याकडं भारी असतो, अंगणात तुळस पाहिजे वगैरे, पण परवाना नसलेल्या अंगणावर मजला चढवता येत नाही आणि ते विकायला गेलं की गिऱ्हाईकही तुमच्यासारखंच रोखीवालं शोधावं लागतं.

दस्त झाला म्हणजे संपलं नाही. फेरफार नोंदीकडं पाठपुरावा करा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तलाठ्याचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण चावडीत कुणीही तलाठी म्हणूनच विचारतं. नोंद प्रमाणित झालेला उतारा हातात आल्याशिवाय मूळ मालकाचे राहिलेले पैसे देऊन मोकळं होऊ नका, निदान थोडी रक्कम तरी हातची राखा. महापालिकेच्या कर खात्यात नाव लावणं हे वेगळं काम आहे, तेही लगेच उरका.

जमलंच तर घेण्याआधी त्याच भागात वर्षभर भाड्यानं राहून बघा. ११ महिन्यांचा करार असला तरी आपल्या राज्यात तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. भाडेकरूपेक्षा घरमालकालाच ते न केल्याचा जास्त त्रास होतो. राहिल्यावर कागदात न दिसणाऱ्या गोष्टी कळतात. पाण्याची पाळी किती दिवसांनी येते, किती वाजता येते, दाब किती असतो. सोलापुरात जमिनीतला हौद किती लिटरचा पाहिजे हे त्यावर ठरतं, आणि नवीन वस्तीत महापालिकेची लाईन आलीये की टँकरवरच भागतंय हे शेजारीण खरं सांगते, एजंट नाही. आदिला नदीच्या किंवा एखाद्या नाल्याच्या काठाला असाल तर एक पावसाळा काढा. मागच्या पावसात पाणी कुठवर आलं होतं हे भिंतीवरच्या डागावरून दिसतं. आणि खड्डा खणून माती बघा. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलेल्या घराच्या भिंतींना तिरप्या चिरा पडतात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल लागेल ते शेजारी बांधकाम चालू असेल तिथल्या गवंड्याला विचारा, आणि तो खर्च प्लॉटच्या दरात धरून मगच भाव करा.